निवड

वीस कागद, असं फॉर्मवर छापलंय. वीसच.
माझ्याकडे एकशे चौदा,
शिवाय वजनाच्या पावत्यांच्या पाठीवर काढलेले,
ते मी धरतच नाही.

काळं फोल्डर तासगावात साडेचारशेला.
आईनं बेदाण्याचा रिकामा खोका उकलला,
कडा सुरीनं सरळ केल्या, जुन्या परकराची नाडी ओवली.
“घे. मावतंय का बघ.”
मावतंय. बाहेरून अजून वाचताही येतंय :
हिरवा लांब, निव्वळ वजन पंधरा किलो.

आवटी सर शनिवारी सावळजला येऊन गेले.
चष्मा कपाळावर सरकवून म्हणाले,
हा तांब्या, ही वांगी, हा चुण्या पडलेला टॉवेल
अख्ख्या जिल्ह्यातल्या पोरांनी काढलाय.
इंटरमिजिएटला ए ग्रेड आहे, असू दे.
पण ह्यात तुझं काय, ते दाखव.
चहा प्याले, आणि ते ‘तुझं काय’
उष्ट्या कपाशेजारी ठेवून निघून गेले.

मे महिन्यात शेड मोकळीच असते.
मी जाळ्यांच्या अकरा मजल्यांवर
एकेक कागद पसरला, जसे घड पसरतात,
वाऱ्यानं उडू नये म्हणून वर खडा.
हिरव्या नेटमधून ऊन आलं
आणि सगळे पांढरे हिरवट झाले, माणसांचे चेहरेसुद्धा.
गंधकाचा वास अजून बांबूंत आहे.
तिथं उभी राहून मला एकही चित्र आवडेना.

आई ग्रेडिंगवरून आली ती चिकट हातांनीच.
“मला काय कळतंय त्यातलं,” म्हणत
साबण लावून कोपरापर्यंत हात धुतले,
पदराला पुसले, परत धुतले,
आणि बसली.

तिचे हात तिच्या आधी कामाला लागतात.
एक उजवीकडं. तीन डावीकडं.
एक उचलून तोलला, मागं सारला.
कशावरनं गं?
“ह्यात घाई हाय.
हे कुणाला तरी दाखवायचं म्हणून काढलंयस.
ह्याला अजून पाणी हाय आत,
चार दिस ऱ्हाऊ दे.”
माझं लाडकं, तीन रात्री जागून केलेलं जलरंगातलं डोंगरसोंडेचं चित्र
तिनं काळ्या मालात टाकलं.
मी भांडले. ते परत उजवीकडं ठेवलं.
ती काही बोलली नाही. मालकीण मी.

मग वहीतून पावत्या सांडल्या.
ग्रेडिंगच्या टेबलावरची बोटं, बॉलपेननं,
डबा द्यायला गेले की पाच-दहा मिनिटांत काढलेली.
“ही शालन. अंगठ्याला चिंधी हाय की.
ही रुक्साना, हिची बांगडी त्याच दिवशी फुटली.
ही भामाकाकू, कामापेक्षा गप्पा जास्त.”
एकेक ओळखत गेली, हसत गेली,
आणि एकीपाशी थांबली.
“ही कोण गं? नवी हाय का?
लई थकल्यात बोटं.”

मी पेन्सिलीला टोक करत होते.
टोक झालं होतं, तरी करत होते.
आहे एक, म्हटलं.

बारा पावत्या एका कागदावर चिकटवल्या,
म्हणजे तो हिशेबात एकच.
विसाव्या कागदाला डोंगर ठेवायचा की नाही
हे अजून ठरत नव्हतं.
‘कलाशिक्षण का घ्यावेसे वाटते, दोनशे शब्दांत’
ह्याखाली अकरा शब्द लिहिले,
त्यातले चार खोडले.

पहाटेच्या गाडीत खोका मांडीवर मावेना.
रात्रीतून त्याला मुंग्या लागल्या होत्या,
नाडीवरून ओळीनं चालल्या होत्या आत,
कुठल्या चित्रात शिरल्या कोण जाणे.
कंडक्टरनं टिकली वाजवली,
छापलेलं वाचलं, वजन डोळ्यांनीच केलं.
“बेदाणा? मालाचं तिकीट पडंल.”

चित्रं आहेत म्हणायला तोंड उघडलं
तेवढ्यात तिकीट फाटलं होतं.
मी पैसे दिले.